वाघ नंतर काढू दे, आधी अंगणातली शेळी

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेऊन. आमचं गाव चिमूर तालुक्यात, ताडोब्याच्या बाजूला. लहानपणापासून प्राण्यांची चित्रं काढते, हल्ली मातीचे बैल, रानडुकरंही करते. वर्गातल्या अर्ध्या मुलींच्या जर्नलमधल्या आकृत्या तिच्याच हातच्या. आता म्हणते, ‘नीट’ची परीक्षा देणार नाही, वाइल्डलाइफ आर्टिस्ट होणार. तिचे बाबा म्हणतात, नर्सिंगला घालू. याची डिग्री कुठे मिळते? यात पोट भरतं का? आयपॅड मागते आहे, तो घ्यावा का? सोबत तिच्या कामाचे फोटो पाठवते. – एक आई

ताई, नमस्कार.

डिग्रीचं आधी सांगते. ‘वाइल्डलाइफ आर्ट’ नावाची वेगळी पदवी शोधत बसू नका, आणि त्या नावाचा महागडा कोर्स कोणी गळ्यात मारत असेल तर फी भरण्याआधी मला पुन्हा लिहा. रस्ता बीएफएचाच, म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्सचा. बारावीनंतर चार वर्षं, शाखा कुठलीही चालते. त्यात चित्रकला की शिल्पकला हे मात्र ठरवावं लागेल. तुम्ही पाठवलेले फोटो मी एका शिल्पकार मित्राला दाखवले. वाघाची चित्रं त्यानं भराभर सरकवली आणि मातीच्या रानडुकरावर थांबला. “मानेचा भार हिला कळलाय,” म्हणाला. माझाही कौल शिल्पकलेला. तो विभाग प्रत्येक कॉलेजात नसतो. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आहे. 1857 पासूनची ही संस्था आता अभिमत विद्यापीठ झाली आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही आहे. नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय तुम्हाला जवळचं, पण तिथे यंदा कुठल्या शाखांना जागा आहेत ते आधी विचारून घ्या.

प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र आणि संकल्पचित्राबरोबर स्मरणचित्र असतं. तिथे समोर काहीच नसतं, त्यामुळे फोटो बघून काढायची सवय झालेली मुलं नेमकी तिथेच अडतात. तुमच्या मुलीचीही अडचण तीच आहे. तिचे सगळे वाघ मोबाइलमधल्या फोटोंवरून उतरवलेले आहेत. पट्टे सुरेख, पण पोटाच्या गोलाईबरोबर ते वळत नाहीत, कापडावर छापल्यासारखे सपाट राहतात. चालणाऱ्या वाघाचं खांद्याचं हाड पाठीच्या वर उचललं जातं, तेही चित्रात नाही. रानडुक्कर जमलं, कारण ते तिनं धानाच्या बांधावर स्वतः पाहिलंय. (शिवाय दुसऱ्याच्या फोटोची हुबेहूब नक्कल करून ती विकणं कॉपीराइटच्या कायद्यात बसत नाही. हे तिला आत्ताच सांगून ठेवा.)

म्हणून वाघ काही दिवस बाजूला. तुमच्या अंगणात शेळ्या असतीलच, नसतील तर शेजारी असतील. रोज एक शेळी काढू दे, उभी, बसलेली, मागून, वरून. शेळीच्या मागच्या पायात जो सांधा उलटा वाकलेला गुडघा वाटतो तो गुडघा नसतो, ती टाच असते. खरा गुडघा वर, पोटाजवळ. हे एकदा हातात बसलं की हरीण, वाघ, कुत्रा सगळ्यांचे पाय सुटतात. इथे तिची बायोलॉजी कामाला येते, आणि म्हणूनच सायन्स वाया गेलं असं मला मुळीच वाटत नाही. जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकारानं एका खेड्यात अठरा महिने घोड्यांची शवविच्छेदनं केली आणि 1766 साली घोड्याच्या शरीररचनेचं पुस्तक काढलं. त्याचे घोडे आजही बघत राहावेसे वाटतात ते त्यामुळे. अन्त्वान-लुई बारी हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच शिल्पकार पॅरिसच्या प्राणीबागेत जाऊन रेखाटनं करायचा, मेलेल्या सिंहाची मापं घ्यायचा, मग ब्राँझकडे वळायचा. आपल्याकडचं उदाहरण मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. संतोष गायकवाड यांचं. तेच पुढे टॅक्सिडर्मीकडे, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं वापरून तो हुबेहूब उभा करण्याच्या कलेकडे वळले, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वन्यजीवांचं टॅक्सिडर्मी केंद्र उभं राहिलं. मेलेल्या वाघाच्या कातड्याखाली जो आकार घडवावा लागतो, ते शिल्पच असतं.

पॅरिस लांब आहे, नागपूर नाही. महाराजबागेत आणि गोरेवाड्याला जिवंत प्राणी आहेत. अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात पेंढा भरलेले आहेत, ते हलत नाहीत, म्हणून नवशिक्याला बरे. पशुवैद्यकीय महाविद्यालयाला रीतसर अर्ज करून हाडांचे सांगाडे बघायला मिळतात का तेही विचारा. आणि तान्ह्या पोळ्याआधी लाकडी नंदी कोरणाऱ्या एखाद्या कारागिराजवळ तिला एक दिवस बसू द्या. ओंडक्यातून वशिंड कसं निघतं हे कॉलेजात कोणी इतकं जवळून दाखवणार नाही.

आता पोटाचं. नुसती वाघाची चित्रं विकून घर चालवणारे फार थोडे, तेही बऱ्याच वर्षांनी. कमाई आजूबाजूच्या कामातून येते. वनविभागाच्या निसर्ग माहिती केंद्रांतली फायबरची जनावरं आणि भिंतीवरचे देखावे, पालिकेच्या बागा, रिसॉर्ट, संग्रहालयं, मुलांची पुस्तकं, पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांतली चित्रं. (तिथे फोटो असूनही चित्रकार लागतो, कारण नर, मादी, पिल्लू एकाच उजेडात, एकाच ढंगात शेजारी शेजारी दाखवायचे असतात.) फायबरच्या कामाची गोम अशी की टेंडर ठेकेदाराच्या नावावर असतं, बिल उशिरा निघतं आणि माती, साचा, फायबर, वाहतूक यांचा खर्च कलाकारानं आधीच केलेला असतो. अर्धे पैसे हातात आल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही, हे तिनं पहिल्या दिवसापासून पाळावं.

अॅनिमेशनकडेही प्राणी घडवणारे लागतात, पण तिथल्या झगमगाटाला भुलू नका. ‘लाइफ ऑफ पाय’मधला संगणकावरचा वाघ घडवणाऱ्या रिदम अँड ह्यूज या कंपनीच्या मुंबई-हैदराबादच्या स्टुडिओंतही त्या चित्रपटाचं काम झालं होतं. फेब्रुवारी 2013 मध्ये त्या कामाला ऑस्कर मिळालं, त्याच महिन्यात कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

तिच्या बाबांना डेव्हिड शेफर्डची हकिकत सांगा. या इंग्रज चित्रकाराला लंडनच्या नामांकित कलाशाळेनं नाकारलं होतं. मग त्यानं विमानांची चित्रं काढून पोट भरलं. 1960 साली ब्रिटिश हवाई दलानं त्याला केनियात नेलं आणि तिथे पहिल्यांदा त्याच्याकडे प्राण्याचं चित्र मागितलं गेलं, धावपट्टीवरून हुसकावलेल्या गेंड्याचं. पुढे 1973 साली त्याच्या एका वाघाच्या चित्रानं भारतातल्या व्याघ्रसंरक्षणासाठी 1,27,500 पौंड उभे केले. पहिली कमाई विमानांची होती, हे त्यांना आवर्जून सांगा. नर्सिंग वाईट मुळीच नाही, पण जिला ते नकोय तिला तिथे ढकलू नका. दोघांनाही पटेल असा मधला मार्ग हवा असेल तर नीट देऊन पशुवैद्यकीयचा प्रयत्न करू दे; नंबर लागला तर शिल्पकला सुटत नाही, नाही लागला तर बीएफए आहेच. ‘नीट देणार नाही’ हा हट्ट त्यामुळे मला घाईचा वाटतो.

जंगलालगत राहता म्हणून एक बजावते. साळिंदराचे काटे, नखं, कवट्या सापडल्या तरी उचलून घरी आणू नयेत. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंगाशी येईल. मुंगसाच्या केसांचे ब्रशही बेकायदा आहेत. दुकानदार ‘एकदम मस्त पॉइंट’ म्हणून दाखवेल, तरी घेऊ नका. वन्यजीवांची चित्रं काढायची आणि ब्रशसाठी मुंगसं मारायला लावायची, हे कसं चालेल?

आयपॅड आत्ता नको. त्या पैशांत शाडू, मातीच्या आतल्या सांगाड्यासाठी जाड तार, दोन-चार कोरण्या, चांगले कागद आणि नागपूरच्या बऱ्याच फेऱ्या होतील. आणि मैत्रिणींची जर्नलं काढून देणं बंद करायला सांगा, निदान बारावीची परीक्षा होईपर्यंत.