जुनी फाइल उघडू नकोस

प्रिय भाचेबुवा,

मराठीत लिहितेय म्हणून कुरकुरू नकोस. इंग्रजीत लिहिलं की तू वरवर नजर फिरवतोस आणि अंगठा पाठवून मोकळा होतोस. हे वाचायला तुला वेळ लागेल. लागू दे.

मागच्या वर्षी नकार आल्यावर तू अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांना पुन्हा अर्ज करतोयस, त्यासाठी मागचंच थोडं सुधारून पाठवलेलं पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध, काल रात्री दोनदा वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंयस की येत्या उन्हाळ्यात तू इमर्जन्सी रूममध्ये स्क्राइब म्हणून, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी टाइप करायचं, काम सुरू करणार आहेस. अरे, चौदा महिने झाले तुला तिथे! रात्रपाळ्या करून डोळ्यांखाली काळं आलं, आईने मला फोन करून तक्रारी केल्या, आणि निबंधात तू अजून कामावर रुजूच झालेला नाहीस. पहिला परिच्छेद मात्र नवा, चकचकीत. जुन्या भिंतीला फक्त दाराजवळ रंग दिल्यासारखा.

तुझा प्रश्न होता, "मावशी, मागच्या वर्षी एका इंटरव्ह्यूत याचं कौतुक झालं होतं, मग तोच थोडा सुधारून का नको?" उत्तर एका ओळीचं आहे. जुनी फाइल उघडू नकोस. ॲमकास, म्हणजे मेडिकल कॉलेजांचे अर्ज जिथून जातात ती सामायिक सेवा, तुला मोकळ्या जागांसकट 5,300 अक्षरं देते, ती पहिल्या अक्षरापासून पुन्हा लिही.

नियमात बंदी नाही, हे तू मला ऐकवशीलच. नाहीये. पण बरीच कॉलेजं मागचे अर्ज जपून ठेवतात. मी एका ॲडमिशन कमिटीत सहा वर्षं बसले आहे, आणि रीॲप्लिकंटचा, म्हणजे पुन्हा अर्ज करणाऱ्याचा, जुना अर्ज काढून शेजारी ठेवणारी मी एकटीच नव्हते. तोच मजकूर दिसला म्हणून कोणी चिडत नाही. कोणीतरी चष्मा काढून एवढंच विचारतं, "मग वर्षभर झालं काय?" सेकंडरीत, म्हणजे प्रत्येक कॉलेज नंतर स्वतःचे प्रश्न पाठवतं त्या अर्जातही, कितीतरी कॉलेजं हेच विचारतात, की आधी अर्ज केला असेल तर तेव्हापासून काय बदललं. तिथे तू चौदा महिन्यांचं रामायण सांगणार आणि मुख्य निबंधात 'येत्या उन्हाळ्याची' वाट पाहत बसणार!

पण पकडले जाण्याची भीती हे माझं खरं कारण नाहीच. ती भीती घालवायची तर काळ बदलून 'करणार आहे'चं 'करतो आहे' केलं की झालं. माझं कारण दुसरं आहे, आणि ते मला महागात पडलं आहे.

2006 साली मला सगळीकडून नकार आले. माझा निबंध आजीच्या शेवटच्या आजारपणावर होता. चांगला होता, आजही म्हणेन. 2007 मध्ये तोच घेऊन बसले. तीन शनिवार-रविवार स्वल्पविराम इकडून तिकडे हलवले, एक विशेषण काढलं, तेच संध्याकाळी परत आणलं. मधलं सगळं वर्ष मी एका फ्री क्लिनिकमध्ये दुभाषी म्हणून काम केलं होतं. त्यातलं काय निबंधात गेलं? शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य. बाकी तो मजकूर मला आरतीसारखा पाठ झाला होता. टाळ्या वाजवत म्हणता येत होता, अर्थाकडे लक्ष न देता. पुन्हा सगळीकडून नकार.

2008 मध्ये जुनी फाइल उघडलीच नाही. क्लिनिकमधल्या एका बाईंबद्दल लिहिलं. त्या डॉक्टरांशी माझ्यामार्फत बोलायच्या, पण बघायच्या माझ्याकडेच. त्या नजरेला मला एकही उत्तर देता येत नव्हतं. त्या वर्षी प्रवेश मिळाला. माझा नवरा म्हणतो, "निबंधाचं काय घेऊन बसलीस? तुझा एमकॅट, प्रवेश परीक्षेचा स्कोअर, सुधारला होता आणि सप्टेंबरऐवजी जूनमध्ये अर्ज केलास." म्हणू दे त्याला. तो इंजिनियर आहे.

बरं, त्याचं अर्धं खरं आहे, ते लपवत नाही. पुष्कळ कॉलेजं अर्ज येतील तसे वाचत जातात, आणि गर्दीच्या दिवसांत ॲमकासच्या व्हेरिफिकेशनलाच, म्हणजे अर्जातल्या मार्कांच्या पडताळणीलाच, काही आठवडे जातात. तू मागच्या वर्षी ऑगस्ट संपताना सबमिट केलंस, आणि तेही मोजक्या, सगळ्यांनाच हव्या असलेल्या कॉलेजांना. 2023 मध्ये इथे अमेरिकेत एमडीसाठी (इथली ती पहिलीच डॉक्टरी पदवी) 52,500 च्या वर लोकांनी अर्ज केले आणि प्रवेश झाले 23,000 हून कमी. एवढ्या गर्दीत उशिरा पोचलेला चांगला निबंधही मागे पडतो. कॉलेजांची यादी आणि तारीख यांवर आपण वेगळं बोलू. पण 'निबंधामुळे नकार आला नव्हता' हे जुना निबंध ठेवायला कारण होत नाही. हा युक्तिवाद मीही 2007 मध्ये केला होता. अगदी याच शब्दांत.

खरं म्हणजे जुनी वाक्यं सोडवत नाहीत, कारण त्यांवर घाम गाळलेला असतो. शिवाय ती टाकून दिली तर मागचं वर्ष वाया गेलं असं कबूल केल्यासारखं वाटतं. म्हणून आपण ठिगळं लावत बसतो. आणि जुनी वाक्यं समोर असली की नवी त्यांच्याच सुरात गायला लागतात. बावीस वर्षांच्या तुझी गाणी चोविसाव्या वर्षी कशाला गातोस?

परवा फोनवर तू काय सांगितलंस ते आठव. एक म्हातारे गृहस्थ, डॉक्टर त्यांना निदान समजावत होते, तू कोपऱ्यात टाइप करत होतास. 'पेशंटला समजलं' असं टाइप केलंस आणि थांबलास. त्यांच्या श्रवणयंत्राची बॅटरी संपली होती. ते नुसती मान हलवत होते. मध्ये बोलायची स्क्राइबला मुभा नाही, तरी तू बोललास. डॉक्टर आधी वैतागले, मग खुर्ची ओढून बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं. आणि तू ते वाक्य खोडलंस.

हे निबंधात का नाही? तू म्हणालास, "जागा नव्हती." जागा होती रे! तिथे सातवीतल्या सायन्स फेअरचा ज्वालामुखी बसलाय.

जुना प्रसंग कधीच घ्यायचा नाही, असं मी म्हणत नाही. तुझ्या बाबांच्या बायपासची रात्र अजून महत्त्वाची वाटत असेल तर जरूर येऊ दे. पण आज, चौदा महिने इमर्जन्सी रूममध्ये काढल्यावर, ती रात्र तुला कशी दिसते ते लिही. मॉनिटरचा जो आवाज तेव्हा भीतिदायक वाटला होता, तो कशाचा होता हे आता तुला माहीत आहे. आणि एआयला 'हेच वेगळ्या शब्दांत लिहून दे' असं सांगायचा विचार असेल तर तोही सोड. ती जुनीच फाइल झाली, नवे कपडे घातलेली. म्हाताऱ्या गृहस्थांच्या बाबतीत मात्र वय, गाव, आजार, ओळख पटेल असं काही ठेवू नकोस, ते तुझं कर्तव्यच आहे.

आता घाई. एकदा सबमिट केलं की निबंधात कानामात्राही बदलता येत नाही, आणि यंदा ऑगस्ट मला ऐकायचा नाहीये.

मंगळवारी रात्री आठनंतर फोन कर. लॅपटॉप बंद ठेव. श्रवणयंत्राची गोष्ट पहिल्यापासून सांग, आणि यावेळी तू बोल, टाइप मी करते. माझा एकही शब्द घालणार नाही. तू म्हणशील तसंच, अडखळशील तिथे अडखळत लिहून तुला पाठवेन. तिथून पुढे तुझं तू.

तुझी,
मावशी