डोळ्यांचा डॉक्टर म्हणून तुझ्या पहिल्या नेत्रपरिषदेला निघालास ना?
सगळी सत्रं गाठायचा हट्ट धरू नकोस. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीचे व्हिडिओ मात्र चुकवू नकोस. मागची कॅप्सूल, म्हणजे भिंगाच्या पिशवीची मागची बाजू, फाटली की नवखा हात घाबरून फेको प्रोब (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेणारं सुईसारखं उपकरण) झटकन बाहेर काढतो. डोळ्याचा पुढचा कप्पा कोसळतो, व्हिट्रिअस, म्हणजे डोळ्यातला मागचा जेलीसारखा पदार्थ, पुढे येतं. आधी विस्कोइलास्टिक, म्हणजे कप्प्याची जागा टिकवणारं जेल, भरायचं, मगच प्रोब काढायचा, हे मला अशाच एका सत्रात नीट उमगलं. वेट लॅबची, म्हणजे हातानं शस्त्रक्रियेचा सराव करायच्या सत्राची, नोंदणी आजच कर. १९६७ मध्ये अमेरिकन नेत्रशल्यविशारद चार्ल्स केलमन यांनी फेकोची ही पद्धत आणली तेव्हा केवढा विरोध झाला होता! म्हणून डोळ्यात बसवायच्या नव्या लेन्सबद्दल लगेच मत बनवू नकोस. वक्त्याला कंपनीकडून मानधन मिळतं का, तेही बघ. आणि चहाच्या वेळी ज्येष्ठांना तुझी फसलेली केस दाखव, रुग्णाचं नाव झाकून.