पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर डोळे पिवळे दिसत असतील तर थांबू नका

"आईचं पित्ताशय दुर्बिणीने काढून पाच दिवस झाले. पोट फुगलंय, डोळे पिवळट वाटतात. गॅस असेल म्हणून थांबावं का?" असं तुम्ही विचारलंय. थांबू नका. आजच्या आज सर्जनकडे न्या, ते भेटत नसतील तर मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. मी डॉक्टर नाही, पण माझ्या वहिनीच्या वेळी आम्ही तीन दिवस घालवले.

आम्ही कळव्याचे. ऑपरेशन ठाण्यात झालं, दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. चौथ्या रात्री वहिनीला आडवं होववेना. पलंगाच्या कडेला पोट धरून बसून राहायची, उजवा खांदा दुखतो म्हणायची. ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात, त्याने खांदा दुखतो हे खरं. पण ते दुखणं दिवसागणिक उतरतं. हिचं चढत होतं. ट्यूबलाइटखाली कळलं नाही. सातव्या सकाळी गॅलरीत उजेडात बघितलं, तर डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा. सीटीत पोटात पित्त साठलेलं निघालं. बाहेरून नळी घातली तेव्हा बाटलीत हिरवट काळपट पाणी येत राहिलं.

कापायची असते ती पित्ताशयाची बारीक नळी. सूज असली की लिव्हरकडून येणारी मुख्य पित्तनळी तिच्यासारखीच दिसते, आणि चुकून तिलाच कात्री किंवा क्लिप लागते. हजारात साधारण तीन ते पाच जणांना असं होतं. लिव्हरच्या उजव्या भागाला रक्त नेणारी धमनी तिथूनच जाते, कधी तिलाही इजा होते. नळी बंद झाली तर पित्त लिव्हरमध्येच तुंबतं, आणि तसंच राहिलं तर पुढे सिऱ्होसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं, होऊ शकतो.

पित्ताची छोटी गळती असेल तर एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनळीत स्टेंट (बारीक नळी) टाकून बहुतेकदा भागतं. वहिनीची मुख्य नळीच कापली गेली होती. आधी इन्फेक्शन आटोक्यात आणलं आणि दोन महिन्यांनी आतडं लिव्हरखालच्या नळीला जोडलं. हे काम नेहमी करणाऱ्या लिव्हर-पित्तनळीच्या सर्जनकडूनच करून घ्या, कारण पहिली दुरुस्ती फसली तर पुढची फार कठीण जाते.

जाताना डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या, ऑपरेशन नोट्सची प्रत मागा. बिलिरुबिनसह (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) लिव्हरच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी आजच होऊ द्या. लघवी गडद, शौच पांढरट, थंडी वाजून ताप, यातलं काही असेल तर तेही आवर्जून सांगा. आणि काय निघालं ते इथे कळवा, मी बघत राहीन.