नवा हेडफोन निवडण्याआधी जुन्याची पावती नीट वाचा

हेडफोनच्या उजव्या बाजूला कुरकुर, वॉरंटीचे चार महिने शिल्लक, आणि सर्व्हिस सेंटरचं उत्तर ‘आत ओल गेली आहे, वॉरंटीत बसत नाही’. तुम्ही सावंतवाडीहून लिहिलंय, मी रत्नागिरीत राहते, पण हकिकत तीच. जून २०२२ मध्ये मला अगदी हेच ऐकवलं होतं. तुमचा प्रश्न आहे की आता तीस हजारांत सोनी घ्यावा, बोस घ्यावा की जास्त पैसे घालून ॲपलचा. त्याचंही उत्तर देते, पण आधी जुन्याचं बोलू, कारण तो विषय अजून संपलेला नाही.

मी ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करण्याचं काम करते. दिवसाचे सात-आठ तास हेडफोन डोक्यावर असतो. माझा हेडफोन सात महिन्यांचा असताना पहिला पाऊस लागला आणि आठवड्यात उजव्या बाजूने तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज सुरू झाला. रत्नागिरीत त्या कंपनीचं काही नाही, म्हणून आंबा घाटातून एसटीने कोल्हापूर गाठलं. तिथे कळलं की ते दुरुस्ती केंद्र नाहीच, फक्त माल गोळा करून मुंबईला पाठवतात. काउंटरवरच्या मुलाने हेडफोन घेतला, पावती दिली. पावतीवर दोनच ओळी होत्या: ‘उजवीकडे आवाज खराब’ आणि ‘वापरलेला’. मी पावती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि परतीची गाडी पकडली.

माझं सगळं नुकसान त्या घडी केलेल्या कागदाने केलं.

बारा दिवसांनी फोन आला की आत द्रव गेलाय, चौदा हजार भरा. पुरावा म्हणून एक फोटो आला. हिरव्या सर्किटवर पांढरट डाग, बस. ते सर्किट माझ्याच हेडफोनचं कशावरून? फोटोत सिरियल नंबर नाही, तारीख नाही. कोल्हापूरवाले म्हणत निर्णय मुंबईचा, मुंबईवाले म्हणत हेल्पलाइनला विचारा आणि हेल्पलाइनवरची बाई दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायला लावून शेवटी कोल्हापूरचाच नंबर द्यायची. दोन महिने हे चाललं. शेवटी हेडफोन तसाच परत आला, वर डाव्या कानाच्या गादीची शिवण उसवलेली. ती आधी शाबूत होती हे मला दाखवता येईना, कारण देताना मी एकही फोटो काढला नव्हता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तर कंपनीने तिथेही ‘ओल’ हा एकच शब्द लिहून दिला. माझ्याकडे उलट दाखवायला त्या दोन ओळी.

मी वकील नाही आणि माझा अनुभव एकाच कंपनीचा आहे, हे लक्षात घेऊन पुढचं वाचा. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीच्या दारात जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. माझी निघून गेली, तुमची आहे.

आता एक तपासणी घरी करा. हेडफोन परत हातात आला की नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज दाबण्याची सोय, बंद करून ऐका. मग ॲम्बियंट मोडवर, म्हणजे बाहेरचा आवाज मुद्दाम आत घेणाऱ्या सोयीवर, ऐका. मग, तुमच्या मॉडेलला सोय असेल तर, ३.५ मिमी वायर लावून ऐका. कॅन्सलिंग बंद केल्यावर कुरकुर थांबत असेल तर स्पीकर बहुधा ठीक आहे, दोष आतल्या माइककडे किंवा त्याच्या सर्किटकडे आहे. हे तिन्ही प्रकार मोबाइलवर व्हिडिओत घ्या. गादी काढून आतली जाळी दाखवा, सिरियल नंबर दाखवा.

नव्याचं. तुम्हाला चष्मा आहे आणि घरात आईचा टीव्ही चालू असतो, असं तुम्ही लिहिलंय. चष्म्याची काडी गादीखालून जाते, तिथे फट राहते, आणि पंख्याची किंवा गाडीची घरघर नेमकी त्या फटीतून शिरते. म्हणून दुकानात स्वतःचा चष्मा घालून किमान वीस मिनिटं बसा. दुकानदार कंटाळला तरी उठू नका. आणि टीव्हीवरचे संवाद पूर्ण बंद होतील ही आशा कुठल्याच कंपनीकडून धरू नका. नॉइज कॅन्सलिंग मुख्यतः खालच्या, एकसुरी आवाजावर चालतं. माझ्याकडे मिक्सरची घरघर खूप खाली जाते, पण कुकरची शिट्टी येतेच.

ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स साधारण ३८५ ग्रॅमचा आहे, सोनीचा एक्सएम फाइव्ह २५० च्या आसपास. दिवसभर काम करणाऱ्याच्या मानेला हा फरक दुपारी तीननंतर कळतो. तुमचा फोन अँड्रॉइड आणि लॅपटॉप विंडोजचा असेल तर मी ॲपलचा विचारही करणार नाही. सोनीत एक्सएम फाइव्हची घडी होत नाही, एक्सएम फोर आणि सिक्सची होते. एसटीने फिरणाऱ्याला हे महत्त्वाचं. कानाला बोसची गादी मला जास्त आवडली, पण हे माझ्या डोक्याच्या मापाचं मत. बॅटरीच्या तासांवरून भांडत बसू नका, तिन्ही दिवसभर पुरतात. मी स्वतः आता एक्सएम फोर वापरते. तो निवडला कारण रोज वापरून झिजणाऱ्या गाद्या घरी बदलता येतात.

पण या सगळ्याच्या आधी सावंतवाडीला जवळचं केंद्र कुठलं, तिथे दुरुस्ती होते की नुसतं पार्सल जातं, हे फोन करून विचारा. कोकणात राहणाऱ्याने हेडफोन नव्हे, आधी सर्व्हिस सेंटर निवडावं, या मतावर मी ठाम आहे.

पावसाळ्यासाठी: काम झालं की गाद्या कोरड्या सुती कापडाने पुसा, सॅनिटायझर नको, वरचा थर सुटतो. घामेजलेला हेडफोन लगेच केसमध्ये बंद करू नका, अर्धा तास पंख्याखाली ठेवा. मग केसमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवा. रंग बदलणारे दाणे मिळाले तर तेच घ्या, नाहीतर पुडी केव्हाच भिजून निकामी झालेली असते आणि आपल्याला पत्ता नसतो.

तुमचा हेडफोन अजून त्यांच्याकडेच आहे ना? मग उद्या सकाळी फोन करू नका, ईमेल करा. जॉबशीटची, म्हणजे दुरुस्तीत काय तपासलं त्या नोंदीची, प्रत मागा, ओल नेमकी कुठल्या भागात सापडली ते लेखी मागा, आणि सिरियल नंबर दिसेल असा फोटो मागा. चौदा हजार असोत की चार, उत्तर येईपर्यंत एक रुपयाही भरू नका. आठवडाभरात काही आलं नाही तर तोच ईमेल जोडून १९१५ वर तक्रार नोंदवा. नवा हेडफोन तोवर थांबू शकतो. जॉबशीट हातात आलं की त्यावर काय लिहिलंय ते इथे टाका, मी वाचेन.