कारवी शिवायची असेल तर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी गोधडी पोचली. दोन दिवस खाटेवर पसरून ठेवली आहे, येता-जाता बघते. घर, विहीर, आंबा, पाऊस, आजी आणि ढीगभर जांभळी फुलं. सगळं आहे, पण नजर कुठे ठरत नाही. आजोळची आठवण तू अख्खीच्या अख्खी शिवायला घेतलीस.

तिचा एकच कोपरा धर. पत्रात तू ओझरतं लिहिलंयस की मागच्या पडवीला कारवीचा कुड, म्हणजे त्या डोंगरी झुडपाच्या काठ्यांची लिंपलेली भिंत, होता आणि दुपारी त्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा तुझ्या अंगावर पडायच्या. अगं, हेच तर शिवायचं! कारवीच्या काठ्या कधी सरळसोट नसतात. शेणामातीचं लिंपण सुटलं की मधेच एखादी उघडी पडते. धावदोऱ्याच्या रांगा जवळजवळ घातल्या की जुनं सुती कापड आपसूक सुरकुततं, त्याला उंचसखलपणा येतो. तुझा कुड तिथेच उभा राहतो. फक्त रांगा पट्टीने आखू नकोस. मधे कुठे बोटभर जागा सुटली तर तिथे पिवळ्या लुगड्याची चिंधी लाव. तीच उन्हाची रेघ.

आता फुलांचं. ती तू फोनमधल्या फोटोवरून उतरवलीस, हे लगेच कळतं. कारवी साधारण 7 वर्षांनी एकदा फुलते. मधली सगळी वर्षं ती नुसती काठ्या आणि पानं असते. मग तुझ्या प्रत्येक रांगेत फूल कसं? पुढे कधी फुलं शिवलीस तर पानांच्या 6 रांगा शीव आणि सातवी फुलांची येऊ दे. बघणाऱ्यालाही जरा वाट बघू दे. त्याआधी झाडापाशी जा, पान हातात घे. खरखरीत, दातेरी कडेचं, देठापाशी समोरासमोर जोडीने आलेलं. तेच पान वीस वेळा काढ. विसाव्या खेपेला रेघा कमी झालेल्या असतील. त्यातलंच पान सुईला झेपेल.

जमलं तर येवल्याला जाऊन पैठणीच्या मागाशेजारी एक दिवस बसून ये. पदरावरच्या मोराची मान जवळून बघ. लांबून गोल दिसते, जवळून बारीक पायऱ्यापायऱ्यांची असते. ताणा उभा, बाणा आडवा, आणि प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जाऊन शेजारच्या रंगात अडकून माघारी फिरतो. त्यामुळे गोलाईसुद्धा पायऱ्यांनीच चढावी लागते. विणकरांनी ती अडचण लपवली नाही, तिच्यातूनच मोर घडवला. तुझ्या सुईलाही वळणावर टोक येतं. ते गुळगुळीत करत बसू नकोस.

एक चूक मात्र माझ्याकडून शिकून घे. माझ्या आजीच्या लुगड्याचा लाल काठ मी न तपासता पांढऱ्या तुकड्याला जोडला होता. तीन महिन्यांचं काम पहिल्याच धुण्यात गुलाबी झालं. तेव्हापासून जुन्या कापडावर ओली पांढरी चिंधी दाबून बघितल्याशिवाय मी सुईत दोरा ओवत नाही. आणि कात्री लावण्याआधी घरच्यांना विचार. तुला जी चिंधी वाटते, त्यात कुणाला तरी त्यांची आई दिसत असते. माझ्या आत्याने एक पातळ दिलं नाही, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. तिचंच बरोबर होतं.

ही गोधडी उसवू नकोस, तशीच ठेव. नवीन तुकडा फक्त वीतभर लांब, वीतभर रुंद कर. कुड आणि ऊन, बाकी काही नको. झाला की पाठव, आणि पाठीला अस्तर लावू नकोस. मला उलट बाजूचे टाके बघायचे आहेत.

तुझी,
ताई