रनिंग क्लबमध्ये नक्की काय चालतं? हळू धावणाऱ्याने तिथे जावं का?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. वर्षभर एकटेच धावताय, पाच किलोमीटरला चाळीस मिनिटं लागतात, आणि जवळच्या रनिंग क्लबात जावं की नाही ते ठरत नाहीये. तिथे काय करतात, मागे पडलो तर हसतील का, आणि घोळक्यात बोलायला फारसं आवडत नसताना जाण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरी धाकधूक त्याचीच दिसते. हसत नाहीत. हसायला दम शिल्लक राहत नाही, हे एक कारण. आणि प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या घड्याळाकडे आणि गुडघ्याकडे असतं, हे दुसरं. पण कुणी हसत नाही एवढ्यावरून क्लब चांगला ठरत नाही. त्यासाठी माझी एकच कसोटी आहे: सगळ्यांत शेवटी येणाऱ्यासोबत कोण आहे ते बघा. पुढे पळणारे सगळीकडे सारखेच. क्लब नसता तरी ते धावलेच असते. क्लबचा स्वभाव मागच्या टोकाला कळतो. शेवटचा माणूस पोहोचतो तेव्हा लोक थांबलेले आहेत की निघून गेलेत? पाण्याचा कॅन त्याच्यासाठी ठेवलाय की आवरून टाकलाय? वळणावर मार्ग दाखवायला उभा केलेला माणूस अजून तिथेच आहे का?

ज्या क्लबांनी हे मनावर घेतलंय तिथे मागे राहायची ड्यूटी लावलेली असते. तिला स्वीपर म्हणतात. मी ती बऱ्याचदा मागून घेते आणि खरं सांगायचं तर मला ती आवडते. पार्करन ही दर शनिवारची मोफत पाच किलोमीटरची धाव २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कात १३ धावपटूंनी सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पसरली. त्यांच्याकडे तर ‘टेल वॉकर’ नावाचं कामच आहे. तो स्वयंसेवक सगळ्यांच्या मागे चालत येतो, त्यामुळे नवखा माणूस कितीही हळू असला तरी शेवटचा ठरत नाही. इतकी साधी युक्ती, पण पहिल्या दिवशी येणाऱ्याची अर्धी भीती तिथेच संपते.

आपण ज्याला जॉगिंग म्हणतो त्याचा प्रसारसुद्धा मागे राहिलेल्या एका माणसामुळे झाला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. आर्थर लिडियार्ड हे न्यूझीलंडचे प्रशिक्षक. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी, एकाच दिवशी सुवर्णपदकं जिंकली. त्यानंतर ऑकलंडमध्ये लिडियार्डांच्या प्रेरणेने मध्यमवयीन, सुटलेल्या पोटाच्या, काही तर हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या माणसांचा एक जॉगिंग क्लब उभा राहिला. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणे म्हणून गेले. वय एक्कावन्न, जगातले उत्तम धावपटू घडवलेला माणूस. रविवारी या मंडळींसोबत धावायला निघाले आणि चढावर पार मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, झटके येऊन गेलेले एक गृहस्थ मुद्दाम वेग कमी करून त्यांच्या शेजारी आले आणि गप्पा मारत त्यांना शेवटपर्यंत घेऊन गेले. बॉवरमन घरी परतल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या गावात सामान्य लोकांसाठी जॉगिंगचे वर्ग सुरू केले. अमेरिकेत जॉगिंगची लाट आली त्यात या वर्गांचा मोठा वाटा आहे. म्हणजे एका नावाजलेल्या प्रशिक्षकाला कुणीतरी सोबत केली, त्यातून हे सगळं. तुमचं पाच किलोमीटर चाळीस मिनिटांत होतं, यात लाजण्यासारखं काय आहे?

आता तिथे काय करतात ते. बहुतेक क्लबांचा आठवडा एकाच साच्याचा असतो. मधल्या दिवशी एखादी छोटी, आरामाची धाव. एक दिवस वेगाचा, म्हणजे इंटरव्हल (थोडं जोरात धावायचं, मग विश्रांती, पुन्हा जोरात) किंवा टेम्पो (जरा जोराच्या, एकसारख्या वेगाने बराच वेळ). आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव. काही ठिकाणी वेगळ्या दिवशी व्यायाम, पायऱ्या, चढ वगैरे. आधी वॉर्म-अप, नंतर स्ट्रेचिंग, आणि स्ट्रेचिंगच्या नावाखाली जमिनीवर बसून गप्पा.

इथे एक गोष्ट सांगते जी नवख्यांना उलटी वाटते. हळू धावणाऱ्याने क्लबात पहिला दिवस म्हणून लाँग रन निवडू नये, ट्रॅकवरचा इंटरव्हलचा दिवस निवडावा. लाँग रनला रांग लांबत जाते, आणि तुम्ही मागे आहात हे तुम्हाला प्रत्येक वळणावर दिसतं. ट्रॅक मात्र ४०० मीटरचा गोल आहे. सगळे त्याच गोलात. कोण पहिल्या फेरीत आणि कोण चौथ्या, हे बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. विश्रांतीलाही सगळे एकाच जागी थांबतात, तिथेच ओळखी होतात. मागून कुणी ‘ट्रॅक!’ असं ओरडलं तर घाबरू नका. वेगाने येणाऱ्याला आतली लेन हवी आहे, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या आरामाच्या वेगाने एका फेरीला तीन मिनिटं बारा सेकंद लागतात. त्या दिवशी ती तीन मिनिटांच्या आत आणायची आणि मग निवांत चालायचं, एवढंच तुमचं काम.

लाँग रनसाठीही वेगवेगळ्या वेगाच्या लोकांना एकत्र ठेवायच्या चांगल्या पद्धती आहेत. पेस ग्रुप पाडणं ही नेहमीची. किलोमीटरला सहा मिनिटं, सात मिनिटं, आठ मिनिटं असे गट, आणि प्रत्येक गटाला तो वेग धरून धावणारा एक पेसर. पण मला जास्त आवडते ती घड्याळावर वळायची पद्धत. सगळे एकत्र निघतात, तीस मिनिटं झाली की जिथे असेल तिथून प्रत्येक जण मागे फिरतो. वेगवान लोक लांब गेलेले असतात, हळू जाणारे जवळ. पण परतीला सगळे जवळपास एकाच वेळी पोहोचतात. कुणी कुणाची वाट बघायला नको. तुम्ही चौकशी कराल तेव्हा ‘वेगवेगळ्या पेसचे लोक कसे सांभाळता?’ असं सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ओळखा की तिथे मागच्यांचा विचार कुणी केलेला नाही.

क्लबचा सगळ्यात मोठा फायदा वेग वाढतो हा नाही. क्लब तुम्हाला हळू धावायला लावतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण एकटा माणूस घड्याळाकडे बघत प्रत्येक धाव थोडी जास्तच जोरात मारतो. स्टीफन सायलर या अभ्यासकाला अव्वल सहनशक्तीच्या खेळाडूंच्या सरावात असं दिसलं की त्यांचा सुमारे ८० टक्के सराव सोप्या तीव्रतेवर चालतो. सोपी तीव्रता म्हणजे काय, ते मोजायला यंत्र लागत नाही. पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे. शेजारी कुणी गप्पा मारणारं असलं की ही परीक्षा आपोआप होत राहते. तुमच्या चाळीस मिनिटांबद्दलही माझा अंदाज असा आहे की रोज तेवढंच जोर लावून धावत असाल, म्हणून ते हलत नाहीये.

शिवाय धावणं संसर्गजन्य असतं, अगदी शब्दशः. सिनान अॅरल आणि क्रिस्टोस निकोलायडिस यांनी सुमारे ११ लाख धावपटूंच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एखाद्या ठिकाणी हवा चांगली असली की तिथले लोक जास्त धावतात, आणि त्यांच्यामुळे दुसऱ्या गावातले त्यांचे मित्रसुद्धा जास्त धावतात, असं त्यात दिसलं. त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग असा: कमी धावणाऱ्यांचा जास्त धावणाऱ्यांवर परिणाम होतो, उलट मात्र तितकासा होत नाही. मागून कुणी येतंय म्हटल्यावर पुढच्याचे पाय हलतात. म्हणजे क्लबला तुमचा उपयोग आहे. ते उपकार म्हणून तुम्हाला घेत नाहीत.

ओळखीपाळखी कशा होतात हे शब्दांत सांगणं जरा अवघड आहे. शेजारी-शेजारी धावताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं नसतं, रस्त्याकडे बघायचं असतं. त्यामुळे समोरासमोर बसून जे बोललं जात नाही ते तिथे सहज बोललं जातं. वर्षानुवर्षं सोबत धावलेल्या माणसाचा हुद्दा मला माहीत नसतो. त्याचा डावा गुडघा मात्र तोंडपाठ असतो. कुणी बरेच दिवस आलं नाही की फोन जातो. कुणी आजारी पडलं की घरचं काही आणून द्यायला, दवाखान्यात बसायला माणसं मिळतात. दृष्टिहीन धावपटूसोबत हाताला एक छोटी दोरी बांधून धावणारे गाइड रनर अनेक क्लबांत असतात. त्या जोडीचा ताल जमायला वेळ लागतो, आणि जमला की गाइडच्याच धावण्यात सुधारणा झालेली दिसते.

दुखापत झालेले लोक क्लब सोडत नाहीत, हेही बघण्यासारखं आहे. ते पाणी वाटतात, बिब म्हणजे छातीवर लावायचे नंबर देतात, फोटो काढतात, शर्यतीचा मार्ग आखायला मदत करतात. मार्ग मोजणं हे तर स्वतंत्र शास्त्र आहे. सायकलच्या पुढच्या चाकावर मोजणी-यंत्र बसवतात आणि वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे धावपटूला शक्य असलेल्या सगळ्यात जवळच्या वाटेने, सायकल चालवतात. वर मार्ग कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जादा धरतात. दहा किलोमीटरला दहा मीटर जास्त. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची असताना तुमचं घड्याळ २१.३ दाखवतं, त्यात घड्याळाच्या चुकीइतकाच या जादा मीटरचा आणि तुम्ही वळणं बाहेरून घेतल्याचा हात असतो. आयोजकांशी भांडायला जाऊ नका. लोक जातात, म्हणून सांगितलं.

आता नावडत्या गोष्टी. काही क्लबांत प्रत्येक रविवारची शर्यत होते, आरामाची धाव म्हणून निघतात आणि शेवटच्या दोन किलोमीटरला दात-ओठ खात पळतात. काही ठिकाणी सहा महिन्यांत तुम्हाला मॅरेथॉनला उभं करायची घाई असते. ४२.१९५ किलोमीटर पळालं नाही तर धावपटूच नाही, अशी हवा असते. त्यांना हसून नाही म्हणा. पाच किलोमीटर हा पूर्ण आणि कठीण प्रकार आहे, कशाची तरी पूर्वतयारी नव्हे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुडघेदुखीवर जे उपाय येतात ते वाचून सोडून द्यावेत; पावडरी-गोळ्या विकणारा सदस्य असेल तर त्याच्यापासून चार हात लांब. ‘आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नका’ हा नियम तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर झालेल्या एका चाचणीत, २००८ मध्ये, तो पाळणाऱ्यांच्या आणि न पाळणाऱ्यांच्या दुखापतींत फरक आढळला नाही. तरी मी तो सांगते. नियम म्हणून नाही, उत्साहाच्या भरात अंतर एकदम दुप्पट करणाऱ्याला अडवायला काहीतरी आकडा लागतो म्हणून.

स्त्रिया किती आहेत आणि नेतृत्वात आहेत का, हेही बघा, तुम्ही पुरुष असलात तरी. जिथे पहाटेच्या अंधारातला मार्ग ठरवताना त्यांना विचारलं जातं तिथे बाकीच्या गोष्टींचाही विचार झालेला असतो.

उरला तुमचा तिसरा प्रश्न, माणसांचा कंटाळा येण्याचा. मीही बोलघेवडी नाही. क्लबात गप्प धावणाऱ्यांची एक वेगळी जमात असते, आणि ते एकमेकांना बरोबर सापडतात. तासभर सोबत धावून शेवटी ‘चला, येतो’ एवढंच बोलणारे. नाश्त्याला थांबला नाहीत तर कुणाला राग येत नाही, फक्त निघताना कुणाला तरी सांगून निघा, नाहीतर तुम्ही मार्गात कुठे अडकलात की काय म्हणून लोक शोधत बसतात. आणि आठवड्यातल्या सगळ्या धावा क्लबला देऊन टाकू नका. एक-दोन एकट्याच्या ठेवा. फी भरायच्या आधी महिनाभर पाहुणे म्हणून येऊ द्या, असं म्हणा. बहुतेक क्लब हो म्हणतात, आणि जो म्हणत नाही तिथे जायची गरज नाही.