नाक वर, म्हणजे कशापासून वर?

"मॅडम, मुलाला फार ॲटिट्यूड आलाय."

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी इतक्या आईबापांकडून ऐकलंय की हल्ली ते खुर्चीत टेकण्याआधीच मला ऐकू येतं. गंमत अशी की तासाभरानं जाता जाता हेच लोक म्हणतात, "तेवढा त्याचा ॲटिट्यूड पॉझिटिव्ह करा." एक काढून टाका, दुसरा बसवा. जणू पंख्याचा कंडेन्सर!

हे घर आमच्या ग्वाल्हेरातलं, लष्कर भागातलं. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. वडील हवाई दलातून निवृत्त, उमेदीची वर्षं सगळी विमानातली उपकरणं दुरुस्त करण्यात गेलेली. मुलगा चोवीस वर्षांचा, इंजिनिअर, वर्षभर घरी.

पहिल्या भेटीत मी आईंना म्हटलं, "ॲटिट्यूड हा शब्द न वापरता सांगा. मोबाईलवर व्हिडिओ काढला असता तर त्यात काय दिसलं असतं?"

"मी विचारलं, इंटरव्ह्यूचं काय झालं? तर हा उठला, खोलीत गेला आणि दार आपटलं."

"आपटलं?"

त्या जरा थांबल्या. "लावलं."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या घराण्यातली, हे इथं कबूल करते. घटना वेगळी आणि आपण तिला लावलेली समजूत वेगळी, हे मी पंचवीस वर्षं सांगत आले आहे. 'लावलं' आणि 'आपटलं' यांमधल्या फटीतच माझं निम्मं काम असतं.

मुलगा एकटा आला तेव्हा कळलं की त्याच्या लेखी हा शब्द शिवी नाहीच. त्याच्या स्टेटसला सिंह, वर काळा चष्मा, खाली हिंदी शायरी. "ॲटिट्यूड नसेल तर लोक तुडवून जातात, मॅडम. मला कुणाच्या बोलण्याचा फरक पडत नाही."

असं कुणी म्हणालं की मला लापिएर आठवतात. हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याला घेऊन देशभर हिंडले. २५१ हॉटेलं आणि खाणावळी झाल्या, नकार मिळाला एकाच ठिकाणी. नंतर त्याच मालकांना पत्रानं विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जण नाही म्हणाले. १९३४ साली हे छापून आलं. तेव्हापासून माणूस तोंडानं जे सांगतो त्यावरून त्याची वृत्ती ठरवताना शहाणे लोक जरा दबकतात. मीही दबकले आणि म्हटलं, "फरक पडत नाही, तर नकाराच्या मेल डिलीट केल्या असशील." त्यानं फोन पुढं केला. वेगळा फोल्डर केलेला, त्यात अकरा मेल, तारखेनुसार लावलेल्या.

तिसऱ्या भेटीला तिघंही होते. मी माझं आवडतं व्याख्यान सुरू केलं. हा शब्द मुळात चित्रकार-शिल्पकारांचा, आकृतीच्या ठेवणीसाठी. मग तो मनाच्या ठेवणीला लागला. आपल्याकडे तालमीतला 'पवित्रा' असाच अंगातून मनात गेला. आई माना डोलावत होत्या. वडील घड्याळ बघत होते. अचानक म्हणाले, "आमच्याकडे ॲटिट्यूड म्हणजे निराळंच."

त्यांनी तळहात विमानासारखा आडवा धरला. "क्षितिजाशी विमानाचा कोन. नाक वर की खाली, पंख कुठं कलले. ढगात शिरलं की वैमानिकाचं अंग त्याला फसवतं. वळत असतो आणि वाटतं सरळ चाललोय. म्हणून पुढ्यात कृत्रिम क्षितिज लागतं. वर निळं, खाली तपकिरी, आत गायरो, म्हणजे गरगर फिरणारी चकती."

"आणि नाक वर असलं म्हणजे विमान वर चाललंय?" मी विचारलं. खरंच माहीत नव्हतं म्हणून.

"छे! वेग नसेल तर नाक वर असूनसुद्धा खाली येतं. उतरतानाही नाक जरा वरच असतं..."

हात हवेत तसाच राहिला. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "मी याचं नाकच बघत बसलो. वेगाचा काटा बघितलाच नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मी तर नाहीच. मधे न बोलणं हेही शिकावं लागतं, आणि ते मला साधतं असं मला वाटतं. शेवटी मुलगा म्हणाला, "अकरा ठिकाणी नको म्हणालेत, बाबा."

त्या दिवसापासून मी ॲटिट्यूडकडे 'असण्याची' वस्तू म्हणून बघणं सोडलं. खिशात किल्ली असते तसा तो असत नाही, तो कशाशी तरी असतो. मोकळ्या आखाड्यात कुणी पवित्रा घेत नाही. तेव्हा तुमचं पोर ताठलं असेल तर आधी बघा, त्याच्या समोर कोण उभं आहे. नकार? शेजारच्यांचा मुलगा? की तुम्हीच? आणि तुम्ही त्याला मोजताय ते कुणाच्या क्षितिजावरून? 'उद्धट', 'माजोरी' हे शब्द घरात महिनाभर बंद ठेवा. जे दिसलं तेवढंच बोला. दार लावलं असेल तर लावलं म्हणा.

परवा आईंचा फोन आला. नोकरी अजून नाही. रात्री जेवताना वडील काही विचारत नाहीत, फक्त तळहात पुढं करतात. मुलगाही आपला हात धरून दाखवतो, कधी वर, कधी खाली.

"मी म्हटलं, विमानं खाली ठेवा आता," त्या हसत म्हणाल्या, "पोळी वाढायला ताट दिसत नाहीये."